एक्स्चेंजमावशींच्या चार वह्या

एक्स्चेंजमावशींना फोन केला की पलीकडून 'हॅलो' कधीच यायचं नाही. "कोण बोलतंय? कुठून?" असा सवाल यायचा. आपण नाव सांगितलं की "ठेवा, मी लावते," म्हणून त्या रिसीव्हर ठेवून द्यायच्या. मग वहीत आपला नंबर शोधून मिनिटभरात स्वतः फोन लावायच्या. सख्ख्या बहिणीलाही यातून सूट नव्हती. बहीण वैतागायची, "अगं, माझा आवाज ओळखत नाहीस का?" मावशी शांतपणे म्हणायच्या, "ओळखते. म्हणूनच ठेवला. आवाज कोणालाही काढता येतो."

इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत या सवयीची भरपूर चेष्टा व्हायची. मावशी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होत्या, म्हणून त्यांचं हे नाव पडलं होतं. उंची बेताची, अंगावर नेहमी सुती साडी, आणि ऐकताना मान किंचित डावीकडे झुकलेली. इतकी वर्षं डोक्यावर हेडफोन वागवल्यामुळे ती मान तशीच राहिली असं त्या सांगायच्या. आपण बोलत असताना त्या मध्ये एक शब्दही बोलायच्या नाहीत. सगळं ऐकून झालं की नेमका एकच प्रश्न विचारायच्या, आणि त्या प्रश्नाने समोरच्याची बहुतेक वेळा पंचाईत व्हायची.

त्यांचे यजमान हरसूलला आश्रमशाळेत शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे, मावशीही गुरुजीच म्हणायच्या. आठवडाभर ते तिकडे राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीने घरी यायचे. येताना पिशवीत नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ असायचं आणि एक लांबोडकी वही. पाड्यापाड्यांवर बायका आवणीला म्हणजे भाताच्या लावणीला, लग्नात, बाळाच्या बारशाला जी गाणी म्हणायच्या ती गुरुजी ऐकून वहीत उतरवायचे. अशा अकरा वह्या झाल्या होत्या. मावशी निवृत्त झाल्या त्याच वर्षी गुरुजी गेले. नातेवाईक म्हणाले, आता यात्रेला जाऊन या. मावशींनी यात्रेऐवजी कॉम्प्युटर घेतला. नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं, आणि आमच्या सोसायटीत घरात कॉम्प्युटर असलेलं ते पहिलंच घर.

मी तेव्हा पिंपळगाव बसवंतला एका द्राक्ष निर्यातदाराच्या ऑफिसात टायपिंग करायचे. रविवारी मावशींकडे जाऊन त्यांना मराठी टायपिंग शिकवायचे. त्यांची बोटं सावकाश चालायची, पण थांबायची नाहीत. दुपारचा चहा झाला की एक पान टाइप करायचं, असा नेम. गुरुजींच्या चार वह्यांना वाळवी लागली होती. पान उलटलं की हातात भुगा यायचा. म्हणून मावशींनी त्या आधी टाइप करायला घेतल्या. वर्षभरात चारही पूर्ण झाल्या, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "आता यांना असं कपाटात कुजत ठेवायचं नाही." आम्ही दोघी गोदावरीवर गेलो आणि त्या वह्या पाण्यात सोडल्या. मावशी पाण्याकडे बघत म्हणाल्या, "गुरुजींचं अक्षर गेलं. गाणी राहिली."

त्यानंतर महिन्याभराने ती गाणीही गेली, आणि ती माझ्यामुळे गेली.

मावशींना कॉम्प्युटरवरचं मराठी अक्षर आवडत नव्हतं. जोडाक्षरं फुटायची. आमच्या ऑफिसात एक चांगला फॉन्ट होता, तो मी फ्लॉपीवर घेतला आणि मोठ्या कौतुकाने त्यांना नेऊन दिला. ऑफिसच्या त्या कॉम्प्युटरवर येणारा-जाणारा प्रत्येक जण कुठून तरी आणलेले गेम खेळायचा, हे मला माहीत होतं. त्याचा काही परिणाम होत असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. फॉन्ट बसला. अक्षर सुरेख दिसायला लागलं. मावशींनी त्या दिवशी मला शिरा करून घातला.

दोन आठवड्यांनी सकाळी त्यांचा फोन आला. "कॉम्प्युटर चालू होत नाही गं. काळा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ, एवढंच." आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटरही त्याच दिवशी बंद पडले होते. दुरुस्तीवाला आला. त्याने सगळं उघडून पाहिलं आणि मान हलवली. ठरावीक तारखेला जागा होणारा व्हायरस होता, बाहेरच्या फ्लॉपीतून आलेला. त्या व्हायरसने हार्ड डिस्क पुसून टाकली होती. "यात काही महत्त्वाचं होतं का?" त्याने विचारलं. मावशींनी गाण्यांची दुसरी प्रत कुठेच ठेवली नव्हती. ती ठेवायची असते हे मी त्यांना कधी सांगितलंही नव्हतं.

दुरुस्तीवाला गेल्यावर मी रडायला लागले. फॉन्टची फ्लॉपी माझीच होती, हे मी त्यांना सांगून टाकलं. मावशींनी मान डावीकडे झुकवून सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, माझ्यासमोर ठेवला आणि मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी सोसायटीत कोणालाच सांगितली नव्हती.

एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागून त्यांना दोनच वर्षं झाली होती. एका दुपारी कुठल्याशा गावच्या पोस्टातून एका बाईने नाशिकला भावाला ट्रंक कॉल लावला. बाई सासरचा मार खाऊन पळून आली होती. जोडणी देताना तेवढं मावशींच्या कानावर पडलं. तासाभराने एक्स्चेंजला फोन आला. दमदार, साहेबी आवाज. भावाचा नंबर सांगून त्याने विचारलं, "पोलीस खात्यातून बोलतोय. मघाचा कॉल कोणत्या गावावरून आला होता?" मावशींनी गावाचं नाव सांगितलं. तो माणूस पोलीस नव्हता, त्या बाईचा नवरा होता. दुसऱ्या दिवशी भाऊ एक्स्चेंजच्या दारात येऊन उभा राहिला. बहिणीला ओढून परत नेलं होतं.

"आवाज साहेबाचा होता, म्हणून मी सांगितलं," मावशी म्हणाल्या. "मी फोन ठेवून पोलीस ठाण्याला उलट फोन लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. तेवढी दोन मिनिटं मी काढली नाहीत. त्या बाईचं पुढे काय झालं, मला माहीत नाही." मग त्यांनी पदर खोचला. "तुझी चूक दुरुस्त होण्यासारखी आहे. डोळे पूस. हरसूलला जाणारी गाडी किती वाजता सुटते, ते विचारून ये."

असा तो उद्योग सुरू झाला. उरलेल्या सात वह्या घरात होत्याच, त्या आता टाइप करायच्या होत्या. पाण्यात गेलेल्या चार वह्यांतली गाणी मात्र जिथून आली होती तिथूनच परत आणायला हवी होती. मावशी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी हरसूलला जायच्या. त्या दिवशी पाड्यांवरच्या बायका खाली उतरतात. मी सुट्टी असली की सोबत जायचे. बाजाराच्या कडेला एका वडाखाली मावशी टेपरेकॉर्डर घेऊन बसायच्या आणि गुरुजींचं नाव सांगायच्या. नाव सांगितलं की बायका थांबायच्या.

त्यांच्यात सोमीबाई होती. साठीच्या पुढची, काटक, नागली विकायला यायची. गुरुजींनी तिच्याकडून बरीच गाणी घेतली होती. कॉम्प्युटरला काय झालं ते मावशींनी तिला जमेल तसं समजावलं. सोमीबाईने विचारलं, "म्हंजी तुझ्या मशीनला रोग झाला?"

"हो, रोगच."

"आन् त्यात आमची गानी मेली?"

"मेली."

सोमीबाई मोठ्याने हसली. "तिकडं मेली असतील बाय. हितं नाय मेली." आणि तिने तिथेच, नागलीच्या गोणीला टेकून, आवणीचं एक गाणं धरलं. आजूबाजूच्या चार बायकांनी ते उचललं. मावशी टेपचं बटण दाबायला विसरल्या. मी दाबलं.

तीन वर्षं हे चाललं. पाऊस असो, गाडी बंद पडो, मावशींचा बाजार चुकला नाही. एकदा घाटात एसटी बिघडली तर उरलेली वाट त्या दुधाच्या टेम्पोतून गेल्या. बरीचशी गाणी मिळाली. काही सोमीबाईलाही आठवेनात, काही म्हणणाऱ्या बायका देवाघरी गेल्या होत्या. अशा गाण्याची जी पहिली ओळ मावशींना आठवत होती तेवढीच त्यांनी टाइप केली आणि खाली जागा मोकळी सोडली. मी म्हटलं, "अर्धवट दिसतं." त्या म्हणाल्या, "दिसू दे. काय गेलं तेही कळायला हवं."

याच काळात त्यांनी कॉम्प्युटरच्या रोगांचा अभ्यास केला. शहरातल्या एका क्लासमध्ये नाव घातलं, विशीतल्या पोरापोरींच्या शेजारी बसून व्हायरस म्हणजे काय, तो कुठून शिरतो, कसा लपतो, हे वहीत लिहून घेतलं. शिकवणाऱ्या मुलाला त्या इतके प्रश्न विचारायच्या की तो पुढच्या तासाला अभ्यास करून यायला लागला. मग घरात नियम लागले. बाहेरची कोणतीही फ्लॉपी आधी तपासायची, मगच उघडायची. ती कोणाची, कुठून आली, कधी तपासली, याची नोंद ट्रंक कॉलसारखी रजिस्टरात. अँटिव्हायरसची नवी सीडी दुकानात आली की पहिलं गिऱ्हाईक मावशी. आणि गाण्यांच्या तीन प्रती. एक त्यांच्या घरी, एक माझ्या घरी आणि एक हरसूलला शाळेच्या पेटीत. "शाळेत तर कॉम्प्युटरच नाही, मावशी," मी म्हटलं. "पुढे येईल," त्या म्हणाल्या. "आणि नाशिकला काही झालं तरी हरसूलला गाणी असतील."

घरात इंटरनेट आलं तेव्हा मला वाटलं, आता या वयात हे सगळं सांभाळणं त्यांना जड जाईल. झालं उलटंच. पत्र पाठवणाऱ्याच्या जागी ओळखीचं नाव आहे, एवढ्यावरून त्या मेल उघडायच्या नाहीत. एकदा माझ्या नावाने त्यांना मेल गेला, सोबत एक फाइल. मावशींनी मला ऑफिसात फोन केला. "तू मला काही पाठवलंयस?"

"नाही."

"मग तुझ्या नावाने कोणीतरी माझ्या दारात उभं आहे. तुझा कॉम्प्युटर तपास."

तपासला. खरंच लागण झाली होती आणि माझ्या यादीतल्या प्रत्येकाला तोच मेल गेला होता. बाकी सगळ्यांनी तो उघडला होता. फोन करून विचारलं ते फक्त मावशींनी.

पण त्यांची खरी परीक्षा पुढे झाली. गाण्यांचं काम संपत आलं होतं आणि छापणारा मिळत नव्हता. दोन-तीन ठिकाणांहून नकार आले होते. लोकगीतांची आवड असलेल्यांचा इंटरनेटवर एक गट होता. तिथे मावशींनी आपल्या संग्रहाबद्दल आणि गुरुजींबद्दल चार ओळी लिहिल्या. पंधरा दिवसांनी परदेशातल्या एका प्रतिष्ठानाचा मेल आला. आपलं कार्य अमूल्य आहे, आम्ही ते पुस्तकरूपाने छापू इच्छितो, गुरुजींच्या नावे सन्मान देऊ इच्छितो. मावशी मेलचा छापील कागद घेऊन माझ्याकडे आल्या. इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. कागदाच्या शेवटी नोंदणीची रक्कम होती, आणि बँकेचा खाते क्रमांक व पासवर्ड कळवण्याची विनंती.

मलाही इतका आनंद झाला की मी तो शेवट नीट वाचलाच नाही. "मावशी, लगेच उत्तर पाठवा," मी म्हणाले.

त्या कागदाकडे बघत राहिल्या. "आवाज फार गोड आहे गं या पत्राचा." मग हळूच म्हणाल्या, "मला खरं वाटावंसं वाटतंय. म्हणूनच थांबते."

पत्रातल्या फोन नंबरावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा नियमच होता. आम्ही प्रतिष्ठानाचं नाव इंटरनेटवर शोधलं, काही सापडलं नाही. तरीही मावशींनी त्यांना उत्तर लिहिलं. एकच प्रश्न विचारला. आमच्या संग्रहातलं कोणतं गाणं तुम्ही वाचलंत, आणि ते तुम्हाला का आवडलं? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपली सर्व गाणी अत्यंत सुंदर आहेत, चोवीस तासांत माहिती पाठवा, नाहीतर संधी जाईल.

संग्रहातलं एकही गाणं मावशींनी गटावर टाकलेलं नव्हतं.

त्या हसल्या, मेल पुसून टाकला आणि छापील कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "दोन दिवस मी मनातल्या मनात गुरुजींना सांगत होते, तुमचं पुस्तक येतंय म्हणून." पण पुढच्याच सकाळी सोसायटीच्या फलकावर त्यांच्या हस्ताक्षरातला कागद लागला. असं पत्र आलं तर काय पाहायचं, कोणाला विचारायचं, काय कधीच कळवायचं नाही, सगळं सोप्या मराठीत. सगळ्यात वर लिहिलं होतं, 'मला असं पत्र आलं होतं आणि मी जवळजवळ फसले होते.' मी म्हटलं, "तुम्ही तर फसला नाहीत, मग हे कशाला?" त्या म्हणाल्या, "वरची ओळ वाचूनच लोक माझ्याकडे येतील. शहाणपण शिकवणाऱ्याकडे कोणी येत नाही."

लोक खरंच आले. आमच्या वरच्या मजल्यावरचे भालेराव काका शिस्तीचे, कडक, कोणाशी फारसे न बोलणारे. एका सकाळी अकराच्या सुमाराला ते मावशींच्या दारात आले आणि नुसते उभे राहिले. मी तिथेच होते. बँकेच्या नावाने मेल आला होता, खातं बंद होईल म्हणून. काकांनी तासाभरापूर्वी त्यात पासवर्डसकट सगळं भरून पाठवलं होतं. मग फलकावरचा कागद त्यांना आठवला. "घरी सांगितलेलं नाही," ते खालमानेने म्हणाले. "या वयात असा मूर्खपणा. कसं सांगू?"

मावशींनी चपला पायात सरकवल्या. "लाज मागाहून वाटून घ्या भालेराव, आधी रिक्षात बसा."

त्यांनी काकांना थेट शाखेत नेलं, साहेबांच्या टेबलासमोर बसवलं आणि खातं थांबवल्याचं कळेपर्यंत स्वतः हलल्या नाहीत. वेळेत पोचले म्हणून काही गेलं नाही. काकांना हे कोणाला कळायला नको होतं, म्हणून मावशींनीही कधी सांगितलं नाही. काकांनीच वर्षभराने गणपतीच्या सभेत उभं राहून सगळ्यांसमोर स्वतः सांगितलं. मावशी तेव्हा मागच्या रांगेत प्रसादाच्या पुड्या बांधत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही. मला मात्र म्हणाल्या, "चोराची निम्मी कमाई आपल्या लाजेवर चालते. भालेरावांनी आज ती बंद केली."

गाण्यांचं पुस्तक कोणी छापलं नाही. मावशींनी प्रिंट काढून, बाइंडिंग करून काही प्रती केल्या. पहिली हरसूलच्या शाळेला दिली. सोमीबाईला वाचता येत नव्हतं. तिने प्रत हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाली, "एवढी गानी होती माझ्यात?"

त्यानंतर दोन वर्षांनी मावशींच्या छातीचं दुखणं वाढलं. भाचीने त्यांना उपचारासाठी पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. घर आवरलेलं होतं, कॉम्प्युटर तेवढा चालू होता.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "हा आता तुझा. गाण्यांच्या फायलींना पासवर्ड आहे, तो बदल."

"काय ठेवू?"

"मला का विचारतेस? मला कळता कामा नये."

"पण मावशी, काम तुमचं आहे."

"गाणी सोमीबाईची, अक्षर गुरुजींचं होतं. मी नुसती राखली. आता तू राखायचीस."

मला ते शब्द सोसवेनात. "माझ्याच फ्लॉपीने ती पुसली होती," मी म्हणाले. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी तो विषय पुन्हा काढला नव्हता.

"म्हणून तर तुला देते," मावशी म्हणाल्या. "एकदा हातून काही गेलं की माणूस पुढचं जपून धरतो. मी धरलंच ना?"

त्यांनी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं. त्यांच्या पाठीकडे एकदा पाहून मी नवा शब्द टाइप केला. कॉम्प्युटरने पुन्हा मागितला, पुन्हा टाइप केला.

"मोठा ठेवलास ना?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"हो."

"कुठे लिहून ठेवणार नाहीस ना?"

"नाही."

"बरं." त्या उठल्या, पदर सारखा केला आणि खाली उभ्या असलेल्या गाडीकडे निघाल्या. जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला होता. मावशी पुण्याहून परत आल्या नाहीत. तो शब्द मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.